पहिली-दुसरीच्या मुलांना लिहायला शिकवताना : सोलापुरातल्या नव्या शिक्षकांसाठी

जूनच्या मध्यावर शाळा उघडते, पहिलीचा वर्ग हाती येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारात उभं राहून कोणीतरी आई विचारते, "बाई, वहीत काय लिवून दिलं न्हाई व्हय?" या प्रश्नाला बिचकून फळ्यावर 'अ' काढू नका आणि तो पानभर गिरवायला लावू नका. लिहिण्यात दोन वेगळी कामं आहेत. एक हाताचं, म्हणजे ओळखू येईल असं अक्षर न दमता काढणं. दुसरं डोक्याचं, म्हणजे सांगायचं आहे ते कागदावर उतरवणं. बहुतेक वर्गांत पहिलं काम पुरतं संपेपर्यंत दुसऱ्याला कोणी हात लावत नाही. मुळाक्षरं झाली, बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली, की मग वाक्य. तोवर दुसरीची दिवाळी येते आणि लिहिणं म्हणजे फळ्यावरचं उतरवून घेणं, अशी मुलाची पक्की समजूत झालेली असते. म्हणून दोन्ही कामं पहिल्या आठवड्यापासून शेजारी शेजारी चालवायची. खालचा सगळा क्रम याच हिशेबाने दिला आहे.

आधी हात

पहिले दोन-तीन आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटं बोटांच्या कामाला द्या. साहित्य विकत आणायची गरज नाही. शेंगा सोलायला द्या, त्यात अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांचं काम होतं आणि पेन्सिल धरायलाही तीच तीन बोटं लागतात. शहराच्या पूर्व भागातल्या शाळेत असाल तर मागाच्या कारखान्यातलं टाकाऊ सूत सहज मिळतं. त्याच्या गाठी मारणं, गाठी सोडवणं, तीन पदरी वेणी घालणं हे सगळं चालतं. ओल्या मातीचे साप वळणं, जुना कागद रेघेवरून हाताने फाडणं, हेही करून घ्या.

याच काळात रेषा सुरू करा, पण मोठ्याकडून लहानाकडे. आधी फरशीवर किंवा अंगणात खडूने, हात खांद्यापासून फिरेल एवढ्या. मग भिंतीवर मुलांच्या उंचीला रंगवलेला काळा पट्टा असेल तर त्यावर. पाटी त्यानंतर. उभी रेघ वरून खाली, आडवी डावीकडून उजवीकडे, दोन्ही बाजूंच्या तिरप्या, डावीकडे उघडा अर्धगोल, उजवीकडे उघडा अर्धगोल, आणि गाठ. देवनागरीतली बहुतेक अक्षरं एवढ्यातूनच होतात. रेघ सरळ आली की नाही याची फार काळजी करू नका, दिशा मात्र पाहा. खालून वर ओढायची सवय लागली तर काना कायमचा उलटा ओढला जातो आणि पुढे लिहिण्याचा वेग येत नाही.

पेन्सिल कशी धरायची याचं भाषण करू नका, तुकडा आखूड द्या. खडू किंवा पाटीवरची पेन्सिल तीन सेंटीमीटरची असली की मूठ मारायला जागाच उरत नाही, बोटं आपोआप चिमटीत येतात. लांब नवीकोरी पेन्सिल दिलीत की मूठ आलीच. कागदावर येताना पकड टोकापासून दोन-अडीच सेंटीमीटर वर हवी. तर्जनीचं पेर आत वाकलं असेल, नख पांढरं पडलं असेल तर मूल फार दाबतं आहे. कागदाखाली घडी केलेलं वर्तमानपत्र ठेवा. दाब जास्त झाला की कागदाला भोक पडतं आणि मुलाला ते आपलं आपल्याला कळतं.

सतरंजीवर बसणारी मुलं थोड्या वेळाने वहीवर पालथी पडतात. त्याला आळस म्हणू नका, लिहायची जागा खाली आहे म्हणून तसं होतं. बसल्यावर कोपर जिथे येतं साधारण त्या उंचीला पाटी किंवा वही आली पाहिजे. बुटकं डेस्क नसेल तर घरचा पाट चालतो. दुसरा हात कागद धरायला. डावखुऱ्या मुलाचा हात बदलायचा नाही, घरच्यांनी सांगितलं तरी नाही. त्याला ओळीच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी भांडण होत नाही, कागद उजवीकडे झुकता ठेवा आणि पेन्सिल जरा वर धरायला सांगा. नाहीतर स्वतःच्याच हाताखाली अक्षर झाकलं जातं आणि मनगट आकड्यासारखं वळतं. मार्चपासून आपल्याकडे तळहाताला घाम फुटतो, पान ओलं होतं, शिसं पसरतं. सकाळच्या शाळेत लिहिण्याचा तास पहिला घ्या आणि हाताखाली रुमालाची घडी ठेवू द्या.

अक्षरं कोणती, किती आणि कशी

अ-आ-इ किंवा क-ख-ग या क्रमाने लिहायला शिकवणं गैरसोयीचं आहे. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागेवरून लावलेला आहे, हाताच्या सोयीवरून नाही. लिहिताना दोन गोष्टी पाहायच्या : वळण सोपं आहे का, आणि चार-पाच अक्षरांतून लगेच शब्द होतात का. ग, म, न, र, क आणि काना एवढ्यावर अक्षरांचे पहिले दोन आठवडे निघतात. त्यातून माग, काम, नाक, कान, राग, गार, मान, नगर, मगर, कमान असे शब्द होतात. 'माग' हा शब्द सोलापुरात पहिल्या पंधरवड्यातच लिहिता येतो. बाप मागावर असलेल्या मुलाला तो दाखवा, तो घरी जाऊन कोळशाने भिंतीवर लिहील. त्यानंतर च, द, ड, त, ल आले की चादर, कडक, चाल, ताल, दगड असे शब्द होतात, 'गवत' किंवा 'गल्ला' मात्र नको. शब्द निवडताना जपून चाला : अजून न शिकवलेलं अक्षर किंवा जोडाक्षर सरावाच्या शब्दात घुसवू नका. तुमच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकात अक्षरांचे गट वेगळे असतील तर पुस्तकाचाच क्रम धरा, तत्त्व तेच आहे. आठवड्याला दोन ते तीन नवी अक्षरं पुरतात.

एका अक्षराला वर्गात दहा-बारा मिनिटं लागतात. आधी आवाज आणि त्या आवाजाचे शब्द मुलांकडून. मग मुलांकडे पाठ करून हवेत मोठं अक्षर काढा. तोंड त्यांच्याकडे ठेवलंत तर त्यांना ते उलटं दिसतं. हात फिरताना तोंडाने वाट सांगा. 'म'साठी असं : "वरून खाली उतरा, तळाशी डावीकडे गाठ घाला, तिथून उजवीकडे आडवं जा, मग वरून खाली काना, शेवटी डोक्यावर रेघ." तीन-चार वेळा मुलंही बोलत बोलत काढतात, मग पाटीवर तीनदा. तीनांतलं सगळ्यात चांगलं कोणतं त्याला मुलानेच गोल करायचा. लगेच त्या अक्षराचा एक शब्द लिहून घ्यायचा आणि थांबायचं.

पानभर गिरवून का घेऊ नये? एकदा पान भरणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून पाहा. ते आधी वरपासून खालपर्यंत सगळे काने ओढतं, मग सगळ्यांना गाठी चिकटवतं, मग पट्टी घेऊन एकदम डोक्यावरच्या रेघा मारतं. पान भरलं, पण त्यात 'म' एकदाही लिहिला गेला नाही. शिवाय तिसऱ्या ओळीपासून मूल फळ्याकडे पाहत नाही, वरच्या ओळीतली स्वतःची चूक बघून उतरवतं.

डोक्यावरची रेघ शब्द पूर्ण झाल्यावर, एका शब्दाला एक. आधी रेघ मारून अक्षरं टांगायला लावली तर ती खाली लोंबतात आणि दोन शब्दही एकमेकांना चिकटतात. शब्द संपला, रेघ मारली, एक बोट जागा सोडली, पुढचा शब्द. भ, ध, थ यांच्या डोक्यावरची रेघ मध्ये तुटलेली असते हे स्वतंत्रपणे दाखवा. सरसकट रेघ मारणाऱ्या मुलाच्या वहीत 'भात'चा 'मात' होतो आणि 'धर'चा 'घर'. दिसायला जवळची अक्षरं, म्हणजे भ-म, घ-ध, प-ष, ब-व, ट-ठ-ढ, एकाच आठवड्यात आणू नका. एक पक्कं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुसरं. ल आणि श मात्र पाठ्यपुस्तकात छापले आहेत तसेच काढा. मोबाइलवरून उतरवलेल्या तक्त्यांत ते बऱ्याचदा हिंदी वळणाचे असतात.

मात्रांमध्ये कान्यानंतर दुसरी वेलांटी, मग उकार, मग एक मात्रा, कानामात्रा. पहिली वेलांटी सगळ्यात शेवटी ठेवा. ती बोलण्यात अक्षराच्या नंतर येते आणि लिहिण्यात आधी. 'दिवस' लिहिताना मूल ऐकू येईल त्या क्रमाने आधी द काढतं, मग वेलांटी, मग व, आणि कागदावर होतं 'दविस'. हे मूल गोंधळलेलं नाही, उलट नीट ऐकून लिहितं आहे. त्याला 'दि' हा एकच तुकडा म्हणून बोलायला लावा, बोलून झाल्यावरच हात हलवायचा, आणि हात वेलांटीपासून सुरू करायचा. दि, कि, मि, पि असे सुटे तुकडे पाटीवर आठवडाभर घेतले की बरंचसं जमतं. दुसरीत रफाराला हेच होतं : 'सूर्य'मधला रफार मुलं सू वर ठेवतात.

बाराखडी तालात म्हणायला हरकत नाही. पण तेवढ्याने 'कु' लिहिता येत नाही. मूल क-का-कि-की म्हणत म्हणत 'कु'पर्यंत चालत जातं, मधूनच विचारलं तर अडतं. म्हणून मात्रा उलटसुलट विचारा.

वही दुरेघी घ्या. चौकटीची वही अंकांसाठी ठीक, शब्दांसाठी नाही, तिथे प्रत्येक अक्षर सुटं पडतं. पाटीवर खिळ्याने दोन कायमच्या रेघा ओढून घेतल्या तर पाटीवरून वहीवर जाताना अडखळणं कमी होतं.

सांगण्याचा तास

हा तास आठवड्यातून निदान तीनदा, पस्तीस मिनिटांचा, आणि पहिल्या आठवड्यापासून. अक्षरं येत नसताना मूल काय लिहिणार? चित्र काढणार आणि सांगणार. ते सांगेल ते एक वाक्य तुम्ही चित्राखाली, त्याच्या देखत, त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि बोट ठेवून वाचून दाखवायचं. "आज्जीनं भाकर केली" असं मूल म्हणालं तर तसंच लिहा, "आजीने भाकरी केली" करू नका. आपण बोललेलं कागदावर जसंच्या तसं राहतं, हे त्याला आधी कळू द्या. तीस मुलांचा वर्ग असेल तर रोज सहा-सात मुलांकडे जा, बाकीची चित्र रंगवतील. दोन-तीन आठवड्यांत मुलं स्वतःचं नाव घालू लागतात, मग चित्रातल्या वस्तूला एकेक शब्द, ऑगस्ट-सप्टेंबरात अर्धं वाक्य.

पस्तीस मिनिटांची वाटणी साधारण अशी. पाच-सात मिनिटं गप्पा, शेजाऱ्याला सांगणं. पाच मिनिटं तुम्ही फळ्यावर स्वतःचं एक वाक्य लिहायचं, पण मोठ्याने विचार करत : "मला 'काल' लिहायचंय... का... ल... आता बोटभर जागा." नवे शिक्षक हेच टाळतात, आणि मुलांना लिहिणारा माणूस विचार करताना कधी दिसतच नाही. मग पंधरा-अठरा मिनिटं मुलांचं काम. या वेळात तुम्ही फळ्याजवळ उभं राहायचं नाही, रांगांतून फिरायचं. शेवटी तीन-चार मुलं आपापलं वाचून दाखवतील.

विषय नेमका हवा. 'माझी शाळा' दिलंत तर "माझी शाळा मोठी आहे, मला शाळा आवडते" हेच तीस वेळा वाचावं लागेल. आपल्याकडे विषयांना तोटा नाही. आषाढीला गावातून जाणाऱ्या दिंड्या जून-जुलैत, हुरडा हिवाळ्यात, शेंगाची चटणी कुटताना खलबत्त्याचा आवाज, पॉवरलूम बंद पडल्यावर होणारी शांतता, अंगणात विड्या वळणारी आई आणि तिचं सूप. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा, भरली की आठ-दहा दिवस विषय शोधायचं कामच उरत नाही. विचारताना मात्र "गड्ड्याबद्दल लिहा" असं न म्हणता "गड्ड्यात तू कशाला घाबरलास?" किंवा "नंदीध्वजांच्या काठ्या जाताना तू कुठे उभी होतीस, कोणाच्या खांद्यावर होतीस?" असं विचारा.

समजा पहिलीतल्या मुलाने जानेवारीत लिहिलं : 'मी पलनत बसल'. त्याला म्हणायचं आहे "मी पाळण्यात बसलो." लाल शाई उचलण्याआधी यात काय काय आलंय ते पाहा. वाक्य पूर्ण आहे, शब्दांत जागा सोडली आहे, 'मी'ची वेलांटी बरोबर, ब-स-ल बरोबर, ऐकू येणारं प्रत्येक व्यंजन जवळपास जागेवर आहे. राहिलं काय? काने, 'लो'चा कानामात्रा, ळ आणि ण, आणि जोडाक्षर. जोडाक्षर त्याला अजून शिकवलेलंच नाही, ते सोडून द्या. आज एकच गोष्ट घ्यायची : काना. "पळणा म्हणतोस की पाळणा? तोंड कुठे मोठं उघडतं?" त्याने स्वतः काना घातला की काम झालं. खाली बारीक अक्षरात तुम्ही पूर्ण वाक्य लिहून ठेवा, वाचायला. ते पुन्हा लिहून आणायला सांगायचं नाही. पाचही चुका एकदम दाखवल्या तर पुढच्या वेळी ते मूल 'मी बसलो' एवढंच लिहील, कारण तेवढं चुकत नाही. पाळणा गेला.

घरची भाषा

सोलापूर शहरात एका वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड अधिक. अशा मुलांना बोलू दिलं नाही तर ती लिहिणार नाहीत. सांगण्याच्या तासात त्यांनी आधी घरच्या भाषेत सांगावं, दोन्ही भाषा येणाऱ्या शेजाऱ्याने मदत करावी, आणि अडलेला शब्द देवनागरीत तसाच लिहू द्यावा. भिंतीवर मराठी, तेलुगू, कन्नड असा एक शब्दतक्ता ठेवा : घर, इल्लु, मने. पाणी, नीळ्ळु, नीरु. तो मुलांकडूनच भरून घ्या, तुमचंही शिक्षण होईल.

काही चुका कानातून येतात, त्या हात सुधारून जात नाहीत. तेलुगू-कन्नड घरातली बरीच मुलं ख, घ, भ, फ हे हलके उच्चारतात, म्हणून 'भाकरी'ची 'बाकरी' आणि 'घर'चं 'गर' लिहिलं जातं. दहा वेळा 'भाकरी' लिहायला लावून काही होत नाही. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा : 'ब' म्हणताना ती जेमतेम हलते, 'भ' म्हणताना उडते. आधी ऐकणं-बोलणं, मग लिहिणं. 'पानी', 'येक', 'न्हाई', 'व्हतं' हे तर मराठी घरातलंही आहे. पहिलीत ते चूक म्हणून खोडू नका, वाचताना पुस्तकातलं रूप दाखवत राहा. सकाळी अरबी-उर्दू वाचून येणारं एखादं मूल पान उजवीकडून सुरू करतं. ओळीच्या डाव्या टोकाला हिरवा ठिपका द्या, पंधरा दिवसांत सवय होते.

शुद्धलेखन आणि तपासणी

श्रुतलेखन आठवड्यातून दोनदा, पाच शब्द आणि एक छोटं वाक्य, शिकवलेल्या अक्षरांतलंच. तपासायचं मुलांनी स्वतः, फळ्यावर पाहून. ऱ्हस्व-दीर्घाचा बाऊ पहिलीत नको. मराठीत इ-ई, उ-ऊ यांतला फरक कानाला नेहमी कळत नाही, त्यामुळे "नीट ऐक" म्हणून उपयोग होत नाही. दुसरीत एकच नियम द्या : शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार असेल तर तो दीर्घ. मी, तू, पाटी, चटणी, वाळू, लाडू. 'आणि', 'परंतु' यांसारखे मोजके अपवाद भिंतीवर लावून ठेवा. एवढ्यावर बऱ्याच चुका आवरतात.

दर महिन्याला प्रत्येक मुलाचं एक पान, तारीख घालून, न सुधारता, संचिकेत ठेवा. पालक भेटायला आले की जूनचं आणि डिसेंबरचं पान शेजारी ठेवून दाखवा. वही का भरली नाही याचं उत्तर वेगळं द्यावं लागत नाही. घरी करायला पानं देऊ नका. किराणा दुकानात जाताना तीन वस्तूंची यादी लिहून दे, एवढं पुरे.

वयाच्या सातव्या वर्षापर्यंत अधूनमधून उलटं अक्षर येणं नेहमीचं आहे. पण दुसरीच्या अखेरीस, नियमित शाळेत येऊनही मुलाला आवाज आणि अक्षर जोडता येत नसेल, फळ्यावरचं उतरवताना ओळी सुटत असतील, किंवा पाच मिनिटांत हात दुखतो म्हणत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव आवर्जून सांगा. त्यानंतर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना संचिका दाखवा. स्वतः कोणतंही नाव देऊन मोकळं होऊ नका.

ऊसतोडीच्या हंगामात टोळीबरोबर आलेली मुलं नोव्हेंबरात वर्गात येतात आणि मार्चमध्ये जातात. त्यांना पहिल्या पानापासून सुरू करायला लावू नका. पहिल्या दिवशी चित्र काढून घ्या, नाव लिहायला सांगा, दहा शब्दांचं श्रुतलेखन घ्या, अर्ध्या तासात मूल कुठे आहे ते कळतं. तिथून पुढे धरा, आणि जाताना संचिकेतली पानं त्याच्याच दप्तरात द्या, पुढच्या शाळेतल्या बाईंना उपयोगी पडतील.